बकेट, पंजा की ब्रेकर?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून कोणत्याही दिशेला निघालं, तरी थोड्याच वेळात कुठे ना कुठे जमीन मोकळी करण्याचं काम चाललेलं दिसतं. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ चा पहिला टप्पा कापूरबावडीहून निघून याच नाक्यापर्यंत आखलेला आहे. अंजूरफाट्याच्या पुढे राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी हा गोदामांचा पट्टा लागतो. नाशिक महामार्गाच्या कडेने माणकोली, सोनाळे, वडपे, पडघा अशी गोदामांची दुसरी रांग आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ज्या आमणे गावाशी संपतो, ते गावही याच तालुक्यातलं. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. बुलेट ट्रेनचा ठाणे डेपो अंजूर-भरोडीच्या जमिनीवर होतो आहे. भाताची खाचरं, गवताची माळरानं, घाणेरीने भरलेले टेकड्यांचे उतार हे सगळं एका पिढीच्या डोळ्यांदेखत बदलत चाललं आहे. त्यातली काही जमीन गोदामाखाली जाते, काही रस्त्याखाली, आणि काही अजूनही शेतीसाठी, बागेसाठी किंवा घरासाठी साफ केली जाते.

या कामाची बोलणी बहुतेक वेळा फोनवरच उरकतात. दहा गुंठे रान साफ करायचंय, जेसीबी पाठवा, एवढाच निरोप जातो. तासाचा भाव ठरतो, ने-आणीचे पैसे कोण देणार ते ठरतं, ऑपरेटरच्या चहापाण्याचंही ठरतं. यंत्राच्या पुढे काय लावलेलं असणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मग पुढे साधी मातीची बकेट लावलेली गाडी येते आणि तीच बकेट झुडपं काढते, खुंट उपटते, दगड ढकलते, राडारोडा भरते आणि शेवटी लेव्हलही मारते. संध्याकाळी जमीन मोकळी दिसते, मालक खूश होतो. नुकसान कळतं ते पाऊस पडल्यावर.

हे नुकसान किती मोठं असतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. झुडूप मुळासकट निघावं म्हणून ऑपरेटर बकेट जमिनीत थोडी रुतवून पुढे रेटतो. अशा रेट्यात दहा सेंटिमीटर माती सहज खरवडली जाते. एका गुंठ्याला ही माती साडेतीन ब्रास होते आणि एकराला १४३ ब्रास. दोन ब्रासच्या डंपरने ती न्यायची म्हटली तर सत्तर फेऱ्या होतात, आणि उकरलेली माती फुगते हे धरलं तर त्याहून जास्त. ही सगळी माती झुडपांच्या ढिगात मिसळून बांधाच्या कडेला जाऊन पडते. ढीग मातीने भरलेला असल्यामुळे तो लवकर वाळत नाही, लवकर कुजत नाही, आणि उचलून न्यायचा तर भाडं मातीचंही भरावं लागतं.

जमीन भाताची असेल तर आणखी एक गोष्ट हातची जाते. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाचराच्या तळाशी एक घट्ट थर तयार झालेला असतो. खाचरात पाणी उभं राहतं ते या थरामुळे. बकेटच्या दातांनी तो फोडला की पुढच्या हंगामात खाचर पाणी धरत नाही. गोदामच बांधायचं असेल तर वरची माती काढावी लागतेच, कारण पायाखाली सेंद्रिय माती ठेवून चालत नाही. पण तिथेही ती माती वेगळी काढून वेगळी रचली, तर शेजारच्या वाडीला किंवा स्वतःच्याच आवारातल्या झाडांना उपयोगी पडते. मुरमात मिसळून गेली की ती ना भरावाच्या कामाची, ना झाडांच्या.

म्हणून यंत्राला लावायची जोडणी निवडण्याआधी जमीन पायी फिरून पाहिली पाहिजे, आणि ती कोयता हातात घेऊन. कोकणातल्या पडीक रानात झुडपांच्या आड कठडा ढासळलेली जुनी विहीर दडलेली असते. गवताने भरलेली अशी विहीर साडेसात टनांच्या यंत्राला दिसत नाही. मोजणीचे दगड शोधून त्यांना चुना लावावा, कारण एकदा ते बकेटखाली गेले की हद्दीचा वाद वर्षानुवर्षं चालतो. भिवंडी तालुक्यातून मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या जातात. शहरात आणि लगतच्या भागात २००७ पासून वीज वितरण टोरेंट पॉवरकडे आहे आणि पुष्कळ ठिकाणी केबल जमिनीखालून गेलेल्या आहेत. खोदकाम करणाऱ्याने अशा वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावं, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केलं. ते मोठ्या कंत्राटदारांनीच वापरायचं असं नाही. रस्त्यालगतचे पाच गुंठे साफ करणाऱ्यालाही ते तितकंच लागू आहे.

झाडांचंही तसंच. झुडूप आणि झाड यांतला फरक बकेटला कळत नसला तरी कायद्याला कळतो. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, खैर, ऐन, मोह, आंबा, फणस यांसारखी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी ती तोडायला परवानगी लागते. महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडीलगत तिवरं असतील, तर त्यांना हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशात आणि पुढे सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिवरांची तोड बंद केली आहे आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलं आहे. यंत्र येण्याआधी राखायच्या प्रत्येक झाडाला रंगाचा पट्टा मारून ठेवणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम.

आता यंत्राकडे वळू. मराठी मुलखात ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात, ते बॅकहो लोडर. पुढे मोठी बकेट आणि मागे खोदणारा हात अशी त्याची रचना. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी इंग्लंडमध्ये १९४५ साली कंपनी सुरू केली आणि १९५३ साली या घडणीचं यंत्र आणलं. भारतात या कंपनीचं काम १९७९ पासून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये सुरू झालं. आज सर्रास दिसणाऱ्या मॉडेलच्या पुढच्या बकेटमध्ये साधारण एक घनमीटरच्या वर माती मावते, म्हणजे अडीच बकेटांत एक ब्रास. मागची बकेट तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी लहान, पण जमिनीत घुसण्याची ताकद तिच्यातच जास्त. दुसरा प्रकार म्हणजे शेतीच्या ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवलेला. तिसरा प्रकार छोट्या स्किड स्टीअर लोडरचा. सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, कोठ्यातल्या खांबांमधून जागच्या जागी वळेल असं छोटं यंत्र बनवलं. पुढे त्यातूनच बॉबकॅट या नावाची यंत्रं आली. अरुंद जागेत हे यंत्र फार कामाचं, पण चाकं घासत वळत असल्यामुळे ओल्या खाचरात ते जमिनीचा चिखल करून टाकतं.

यंत्र कोणतंही असो, खरा निकाल पुढे काय लावलंय यावरच लागतो.

भिवंडीच्या परिसरात साफ करायचं असतं ते मुख्यतः झुडूप. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ, करवंदीची जाळी. घाणेरीची झुडपं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की एक ओढलं की दहा हलतात. साधी बकेट अशा जाळीवर गेली की काय होतं ते जवळून पाहावं. बकेटची धार फांद्यांवरून घसरते, फांद्या आडव्या होतात, बकेट पुढे निघून जाते आणि झुडूप मागे पुन्हा उभं राहतं. मग ऑपरेटर बकेट खाली रुतवतो. आता झुडूप निघतं, पण त्याबरोबर मातीचा थरही निघतो.

याच जागी रूट ग्रॅपल, म्हणजे पंजा लावला तर चित्र बदलतं. खाली एकमेकांपासून वीतभर अंतरावर लांब वाकडे दात, वर हायड्रॉलिकने मिटणारे एक किंवा दोन जबडे. शेतातल्या दाताळ्याला पकडण्याची ताकद दिली तर जसं होईल, तसं हे अवजार. दात झुडपाच्या खालून मुळांत शिरतात, माती दातांच्या फटींतून खाली पडते, वरचा जबडा मिटतो आणि झुडूप मुळासकट उचललं जातं. जागच्या जागी दोन झटके दिले की मुळांना चिकटलेली मातीही झडते. ढीग लहान होतो, कोरडा राहतो, लवकर वाळतो. साध्या बकेटने जो झाडोरा सतत सांडत राहतो, तो पंज्यात घट्ट धरून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो. रानाचं क्षेत्र अर्ध्या एकराहून जास्त असेल आणि त्यात झुडूपच प्रामुख्याने असेल, तर पंजा शोधण्याची खटपट करावीच. त्याचा तासाचा भाव जास्त असला तरी वाचलेली माती आणि वाचलेल्या फेऱ्या यांत तो वसूल होतो.

घाणेरीच्या बाबतीत मुळाचं महत्त्व किती, हे दिल्ली विद्यापीठातले पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या कामातून दिसलं. घाणेरीचं खोड जमिनीवरून छाटलं तर ती दुप्पट जोमाने फुटते, कारण फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या भागातून. म्हणून त्यांच्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीच्या काही सेंटिमीटर खाली तोडतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम मुळात कुदळीने करायचं आहे. पंज्याने करताना त्यातलं सूत्र तेवढं घ्यायचं, की झुडूप मुळाच्या मानेखालून निघालं पाहिजे. खाडीकडच्या खाऱ्या पट्ट्यात किंवा घाटावरच्या पडीक रानात वेडी बाभूळ असेल तर तिचा फुटव्याचा भाग त्याहून खोल असतो. ती वरवर तोडणं म्हणजे पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा देणं. सुबाभळीचं बी जमिनीत कैक वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे रान साफ झाल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर उगवलेली रोपं हातांनी उपटण्याचं काम उरतंच. कोणतीही जोडणी त्यातून सुटका करत नाही.

परदेशी व्हिडिओंत झाडोऱ्याचा जागच्या जागी भुगा करणारा मल्चर दिसतो आणि तो लावावासा वाटतो. फिरणाऱ्या ड्रमवर बसवलेले दात झुडपाचा चुरा करून जमिनीवरच पसरतात, माती झाकली जाते, काहीही उचलून न्यावं लागत नाही. उतारावरच्या जमिनीसाठी कल्पना उत्तम आहे. पण लोडरच्या तेलावर चालणाऱ्या मोठ्या मल्चरला मिनिटाला शंभर लिटरहून अधिक तेलाचा प्रवाह सतत लागतो. शेतीच्या ट्रॅक्टरचा पंप त्याच्या जवळपासही जात नाही. जोडणी बसते, फिरतेही, पण पहिल्याच जाड फांदीला ड्रम अडकतो, तेल तापतं आणि सील जातात. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या मागे पीटीओवर चालणारा श्रेडर, ज्याला शक्ती थेट इंजिनाकडून मिळते, तो मनगटाहून बारीक झुडपांना जास्त उपयोगी. शिवाय मल्चर मुळं काढत नाही, हे घाणेरी आणि सुबाभळीच्या रानात विसरून चालणार नाही.

खुंट काढण्याचं काम पुढच्या बकेटचं नव्हेच. ते मागच्या हाताचं. खुंटाच्या तीन बाजूंनी चर काढायचा, आडव्या मुळ्या तोडायच्या आणि मग उरलेल्या बाजूकडे खुंट रेटायचा. मागच्या हाताला बकेटऐवजी एकच जाड दात असलेला रिपर लावला तर मुळ्या तोडणं आणखी सोपं होतं. परवानगी घेऊन काढायचं झाड असेल तर एक गोष्ट पाळावी. ते बुंध्याशी सपाट कापून टाकू नये. कमरेएवढं खोड शिल्लक ठेवावं, कारण तेवढ्या लांबीची तरफ मिळाली की खुंट उपटायला निम्मा जोरही लागत नाही. सपाट कापलेला खुंट उकरत बसणं हा तासाच्या भाड्यातला मोठा खर्च. आणि सुबाभळीचे तिरके कापलेले बारीक खुंट टायरमध्ये घुसतात, तो खर्च वेगळा.

ट्रॅक्टरला साखळी बांधून खुंट ओढण्याचा प्रकार गावोगावी चालतो. साखळी जर ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या वर कुठे अडकवली असेल आणि खुंट हलला नाही, तर चाकं जमिनीला धरून राहतात आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. मागे उलटायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो, उतरायला सवड मिळत नाही. ओढायचंच असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, आणि आजूबाजूला कोणाला उभं राहू देऊ नये.

भिवंडीच्या टेकड्यांखाली बेसाल्ट आहे, सह्याद्रीचाच काळा कातळ. त्याच्यावर कुठे हातभर मुरूम, कुठे नुसते सुटे दगड. सुटे दगड मातीतून वेचायचे असतील तर तळाला मातीऐवजी पोलादी दांड्यांची जाळी असलेली बकेट वापरतात. माती चाळून खाली जाते आणि दगड वर राहतात. ही बकेट फक्त कोरड्या मातीत चालते. ओली चिकण माती जाळीत बसली की तिची साधी बकेट होते. मुरूम घट्ट असेल तर धार सपाट असलेल्या बकेटपेक्षा दात लावलेली बकेट घ्यावी, आणि दात झिजून बोथट झालेले नाहीत ना ते आधी पाहावं. बोथट दातांनी यंत्र नुसतं जोर करत राहतं, डिझेल जळतं आणि मुरूम जागचा हलत नाही.

अखंड कातळ लागला तर ब्रेकर. तोही मागच्या हातावरच बसतो. छिन्नी दगडावर काटकोनात टेकवून दाब दिल्यावरच ठोके सुरू करायचे. दगड फुटून छिन्नी हवेत मारू लागली की लगेच थांबायचं, नाहीतर ठोक्याचा मार ब्रेकरच्याच अंगावर बसतो. एकाच जागी अर्ध्या मिनिटाच्या आसपास ठोकूनही दगड फुटत नसेल तर जागा बदलायची. यंत्र आलंय म्हणून सगळा कातळ फोडायचा हट्ट मात्र धरू नये. बांधकामाचा आराखडा थोडा सरकवून कातळ आहे तिथेच ठेवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. खणून काढलेला मुरूम किंवा दगड जागेबाहेर नेताना स्वामित्वधन भरून वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक आढळली, तर खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र-गाडी जप्तही होऊ शकते.

साफ करायची प्रत्येक जागा रानातलीच असते असं नाही. शहरात प्रश्न असतो राडारोड्याचा. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. पस्तीसहून अधिक जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल आणि श्वानपथक ढिगाऱ्यातून माणसं शोधत राहिले. अशा ठिकाणी जमीन साफ करण्याचे सगळे नियम उलटे होतात. ढिगाऱ्याखाली माणूस जिवंत असण्याची शक्यता असेपर्यंत लोडरने ढिगारा ढकलायचा नसतो, कारण एका स्लॅबला दिलेला रेटा पोकळीतल्या माणसावर दुसरा स्लॅब आणतो. आधी हात, घमेली, हायड्रॉलिक कटर आणि जॅक. यंत्र लागलंच तर सरळ वर उचलण्यासाठी, आडवं ओढण्यासाठी नाही. मदतीला धावलेल्या खासगी जेसीबीच्या ऑपरेटरलाही हे ठाऊक असायला हवं. धोकादायक इमारतींची संख्या मोठी असलेल्या शहरात तर ही माहिती प्रत्येक ऑपरेटरला आधीच मिळालेली असली पाहिजे.

जुनं बांधकाम रीतसर पाडून झाल्यावरचा राडारोडा उचलण्यासाठी सगळ्यात सोयीची ती तोंड उघडणारी बकेट. कोणी तिला फोर-इन-वन म्हणतं, कोणी सिक्स-इन-वन. पुढचा अर्धा भाग वर उचलला की मागचा भाग डोझरच्या पात्यासारखा ढकलतो. दोन्ही अर्धे मिटले की काँक्रीटचे तुकडे चिमटीत धरले जातात. डंपरमध्ये टाकताना तळ उघडून हळू सोडता येतं, म्हणून गाडीच्या हौद्याला दणके बसत नाहीत. साध्या बकेटने राडारोडा भरताना वाकडे झालेले गज उसळून हायड्रॉलिकच्या पाइपला लागतात, टायर फाडतात. म्हणून गज आधी कापून वेगळे करावेत. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनीही काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड वेगवेगळं काढायला सांगितलं आहे. गजांना भंगारात भाव मिळतो आणि विटांचा चुरा भरावाला चालतो, त्यामुळे हा नियम पाळण्यात मालकाचाही फायदाच आहे.

इथवर काय लावावं ते झालं. ते यंत्राला झेपेल का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि ट्रॅक्टर लोडरच्या बाबतीत तर जिवाशी गाठ असलेला. उदाहरणादाखल हिशेब करू. लोडर ८०० किलो उचलतो असं धरलं आणि बकेट ०.४ घनमीटरची आहे. सुटा मुरूम घनमीटरला साधारण १,६०० किलो भरतो, म्हणजे भरलेला मुरूम ६४० किलो. बकेटचं स्वतःचं वजन १५० किलो धरलं की झाले ७९०. लोडरची ताकद इथेच संपली. आता बकेट काढून २५० किलोचा पंजा लावला तर उचलायला उरतात ५५० किलो. तेही वजन यंत्राच्या जवळ असेल तर. पंज्यात लांब ओंडका धरला आणि त्याचं वजन दोन-तीन फूट पुढे गेलं की तेवढंही झेपत नाही. जोडणी विकणारा ती किती मजबूत आहे ते सांगतो. ती मजबूत असणं म्हणजे जड असणं, आणि तिचं वजन दर फेरीला आपल्याच भारातून वजा होतं. लहान ट्रॅक्टरला लहान, हलकी जोडणीच घ्यावी.

पुढे वजन आलं की मागची चाकं हलकी होतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये ओढही मागच्याच चाकांची. म्हणजे बकेट भरून उतारावरून येताना ज्या चाकांनी गाडी थांबायची, त्यांनाच जमिनीवर पकड नसते. यावर उपाय साधा आहे. मागे थ्री-पॉइंट लिंकेजवर काँक्रीटचं किंवा लोखंडाचं वजन लटकवायचं आणि मागच्या टायरांमध्ये पाणी भरायचं. हे वजन नसलेल्या ट्रॅक्टर लोडरला उतारावर कामाला लावूच नये. भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीपासून गुडघ्याएवढ्याच उंचीवर ठेवायची, आणि उताराला आडवं न जाता सरळ वर किंवा सरळ खाली जायचं, भरलेलं तोंड चढाकडे ठेवून. क्विक हिचने जोडणी बदलली असेल तर लॉकच्या पिना भोकातून बाहेर आलेल्या दिसतात ना, हे खाली उतरून पाहायचं. केबिनमधून अंदाज घेऊन काम सुरू केल्यावर जोडणी गळून पडल्याचे अपघात होतात.

शेवटचं काम लेव्हल मारण्याचं. ते पुढच्या बकेटने मागे ओढत केलं जातं आणि बकेटची धार त्यात झिजते. शेतजमीन असेल तर ट्रॅक्टरच्या मागे पाटा किंवा बॉक्स ब्लेड लावून केलेली सपाटी जास्त नीट होते, आणि मोठ्या क्षेत्रात लेझर लेव्हलर मिळाला तर उत्तमच. पण लेव्हल इतकीही चोख मारू नये की पाण्याची जुनी वाट बुजून जाईल. ठाणे जिल्ह्यातला पाऊस उघड्या मुरमावर पडला की तो सरळ नाल्यात आणि तिथून कामवारी नदीत वाहून जातो. नाल्याच्या कडेची गवताची आणि झुडपांची पट्टी म्हणून तशीच ठेवावी. मेअखेरीस सगळं रान एकदम उघडं करण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत काम उरकून पावसाआधी गवत किंवा धैंचा पेरलेला बरा.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी मागवताना नुसते गुंठे सांगू नका. रानात काय आहे त्याचे चार फोटो गाडीच्या मालकाला पाठवा, त्यात उताराचा एक आणि सगळ्यात जाड खुंटाचा एक असू द्या. पंजा आहे का, मागच्या हाताला रिपर आहे का, बकेटचे दात कधी बदलले, जोडणी बदलायला लागणारा वेळ भाड्यात धरणार का, हे आधीच विचारा. गाडी ट्रॅक्टर लोडर असेल तर मागे वजन लावून पाठवा असं स्पष्ट सांगा, आणि ते नसेल तर गाडी परत पाठवा.